लेकरू दूध टाकतंय, रडतंय: औषध मागण्याआधी काय बघायचं

बीड जिल्ह्यातल्या धारूरला माझं मेडिकल आहे. दिवेलागणीला एक गिऱ्हाईक हमखास येतं. खांद्यावर दुपट्यात गुंडाळलेलं लेकरू, मागं सासू नाहीतर आई. "काका, लेकरू दूध टिकवत नाही, रात्रभर रडतंय. पोटाचं कायतरी द्या." मी लगेच बाटली काढत नाही. आधी विचारतो: वजन वाढतंय का? दिवसातून लघवी किती वेळा होते? आणि दूध टाकून झाल्यावर लेकरू कसं असतं, हातपाय हलवत इकडंतिकडं बघतं का मलूल पडतं? तिन्ही उत्तरं ठीक असली तर बहुतेक वेळा माझ्या कपाटातल्या कुठल्याच औषधाची गरज नसते. पाजायची आणि धरायची पद्धत जरा बदलली आणि घरात जास्तीची चार दुपटी ठेवली की भागतं.

सध्या आमच्या घरातही हाच विषय आहे. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय, नात अडीच महिन्यांची आहे आणि पाजलं की थोडं दूध बाहेर येतंच. माझी आई ऐंशीच्या पुढची, तिची मतं वेगळी. रोज काऊंटरवर जे तुकड्यातुकड्यात सांगतो ते एकदा सलग लिहून काढतोय. मी डॉक्टर नाही, औषध देणारा माणूस आहे. डॉक्टरचं काम कुठं सुरू होतं ते खाली स्पष्ट लिहिलंय.

दूध वर का येतं

अन्ननलिका जठराला जिथं मिळते तिथं स्नायूंचं एक कडं असतं. दूध खाली गेलं की आवळायचं आणि परत वर येऊ द्यायचं नाही, हे त्याचं काम. लहान लेकराचं हे कडं अजून कच्चं असतं, मधूनच सैल पडतं. त्यात पोट एवढंसं, दहाव्या दिवशी साधारण ४५ ते ६० मिली मावेल इतकंच. खाणं सगळं पातळ, आणि लेकरू दिवसभर आडवं. ढिल्या बुचाची भरलेली बाटली आडवी ठेवल्यावर जे व्हायचं तेच इथं होतं.

हे दूध टाकणं बहुधा पहिल्या दोन महिन्यांत सुरू होतं आणि चौथ्या महिन्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं. लेकरू बसायला लागलं, वरचं घट्ट खायला लागलं की कमी होत जातं. वर्षाचं होईपर्यंत दहातल्या नऊ लेकरांचं थांबतं. म्हणून अडीच महिन्यांच्या लेकराची आई "वाढतच चाललंय" म्हणाली की मला नवल वाटत नाही, ते वाढायचंच वय आहे. आणि पाचव्या महिन्यात कुणी एखादं औषध सुरू केलं, सातव्यात दूध टाकणं थांबलं, की गावभर त्या औषधाचं नाव होतं.

आया घाबरतात त्या दुपट्यावरच्या डागाला. "पोटातलं सगळं बाहेर आलं हो." अशा वेळी मी औषधाच्या टोपणात ५ मिली पाणी मोजून घेतो, म्हणजे चहाचा एक चमचा, आणि काऊंटरवरच्या गडद फडक्यावर ओततो. डाग पसरत पसरत तळहाताएवढा होतो. मागं उभ्या असलेल्या आजीबाईसुद्धा चष्मा सावरून वाकून बघतात. घरी लेकराच्याच दुपट्यावर एक चमचा आणि शेजारी दोन चमचे दूध ओतून बघा. पुढच्या वेळी डाग बघूनच किती दूध गेलं याचा अंदाज येईल.

आणखी एक. बाहेर आलेलं दूध फाटलेलं, आंबट वासाचं असलं की "आईचं दूधच नासलंय" म्हणून अंगावरचं दूध तोडायला सांगणारे लोक अजून आहेत. पोटात आम्ल असतं, तिथं गेलेलं दूध फाटणारच. फाटलेलं दूध आलं याचा अर्थ पोटाचं काम सुरू झालं होतं, एवढाच.

वजन आणि लघवी

जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, दहा टक्क्यांपर्यंत उतरलं तरी चालतं, आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून येतं. तिथून पुढं पहिले तीन महिने दिवसाला २० ते ३० ग्रॅम, म्हणजे महिन्याला ६०० ते ९०० ग्रॅमच्या आसपास वाढ व्हायला हवी. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, त्यांच्याकडं काटा असतो. पुढं लसीकरणाच्या दिवशी वजन होतं. ते माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या आणि आलेखावर टिंब मारायला सांगा. रेघ वर चढत असली तर लेकरू दिवसातून दहा वेळा दूध टाकू द्या, त्याला पुरेसं मिळतंय. काटा शक्यतो एकच ठेवा आणि लेकराचे कपडे काढून वजन करा. कुंची, स्वेटर, वाळे घालून केलेल्या वजनाला अर्थ नाही.

पहिल्या आठवड्यानंतर दिवसरात्रीत निदान सहा लंगोट ओले व्हायला हवेत, लघवी फिक्या रंगाची हवी. डायपर वापरत असाल तर हा हिशोब लागत नाही, म्हणून शंका आली की एक दिवस सुती लंगोटच बांधा.

इथं थांबायचं नाही

खालचं काही दिसलं तर माझ्या दुकानात येऊ नका, सरळ दवाखान्यात जा.

ओकारी गर्द हिरवी आली तर आतडं पिळलेलं किंवा अडलेलं असू शकतं. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी सकाळची वाट बघायची नाही.

ओकारीत रक्त किंवा कॉफीच्या रंगाचे कण दिसले, तरीही तेच. आईच्या स्तनाग्राला चीर पडली असली तर ते रक्त पोटात जाऊन बाहेर येऊ शकतं, पण ते ठरवायचं काम डॉक्टरचं.

दोन-तीन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंतचं लेकरू प्रत्येक पाजल्यावर जोरात, लांबवर ओकारी फेकत असेल आणि ओकून झालं की पुन्हा भुकेनं चोखायला बघत असेल, तर जठराच्या खालचं तोंड आवळलेलं असू शकतं. मुलींपेक्षा मुलांत हे जास्त दिसतं, त्यातही पहिल्या मुलात. छोट्या ऑपरेशननं पूर्ण बरं होतं. उशीर झाला तर लेकरू सुकत जातं.

तीन महिन्यांच्या आतल्या लेकराला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, फुगून टणक झालेलं पोट, फुगलेली किंवा खोल गेलेली टाळू, दूध ओढायचंच बंद होणं, हाका मारूनही जागं न होणं, रडण्याचा आवाज एकदम बदलणं, ही सगळी तातडीची लक्षणं. श्वास मोजायचा असेल तर लेकरू शांत असताना मोबाईलच्या घड्याळावर पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा त्याच्या वर गेला, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असला, तर निघा. थोडा वेळ किंचाळून रडणं, पाय पोटाशी घेणं, मग पांढरंफटक पडून गप्प होणं, परत तेच, आणि शीमध्ये रक्त-शेंब, हे दिसलं तरी निघा.

वजन वाढत नसेल तर त्याच आठवड्यात दाखवा. दूध टाकणं सहा महिन्यांनंतर नव्यानं सुरू झालं किंवा वर्षानंतरही चालूच राहिलं, तरी दाखवायला हवं. १०८ ची गाडी फुकट आहे. वर्षाच्या आतल्या आजारी लेकराला सरकारी दवाखान्यात ने-आण आणि उपचारही फुकट आहेत. आमच्याकडची मंडळी अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात नेतात. घाटाखालच्या गावांना बीड किंवा माजलगाव जवळ पडत असेल तर तिकडं जा, पण भगताकडून अंगारा घेऊन मग जाऊ, असं करू नका.

पाजताना

दुधासोबत हवा पोटात गेली की ती बाहेर येताना दूध घेऊन येते. म्हणून आधी लेकरू स्तनाला नीट लागलंय का ते बघा. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि काळा भाग वरून जास्त, खालून कमी दिसतोय, तर बरोबर. नुसतं टोक तोंडात असेल तर चटचट आवाज येतो, गालाला खळ्या पडतात आणि आईला दुखतं. करंगळी हळूच तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून सोडवा आणि परत लावा.

आईला दूध भरपूर असेल तर पहिल्या धारेलाच लेकरू गुदमरतं, ठसकतं, हवा गिळतं. अशा वेळी आधी हातानं थोडं दूध वाटीत काढायचं, धार मंदावली की लावायचं. किंवा आईनं मागं रेलून बसायचं आणि लेकरू पोटावर घ्यायचं, म्हणजे धार खालून वर जाते. एक बाजू पूर्ण रिकामी होऊ द्या, मग दुसरी. दोन-दोन मिनिटांनी बाजू बदलली तर नुसतं सुरुवातीचं पातळ दूध जास्त जातं, आणि लेकराला फेसाळ हिरवट शी होऊन पोट गुरगुरतं.

रडलं की पाज, रडलं की पाज, असं आपल्या घरात चालतं. भूक असेल तर लेकरू रडायच्या आधीच सांगतं: तोंड फिरवतं, मुठी चोखतं, ओठ चाटतं. अर्ध्या तासापूर्वी पोटभर प्यालेलं लेकरू रडतंय तर ते भुकेनंच असं धरून चालू नका.

वरचं दूध डॉक्टरनं सांगितलं असेल तर डब्यावर लिहिलंय तसंच बनवा: आधी मोजून पाणी, मग सपाट चमचे. घट्ट केलं की टिकेल म्हणून पावडर वाढवू नका, रवा किंवा तांदळाचं पीठ कालवू नका. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं (चोचीची छोटी वाटी) बरं, उकळून स्वच्छ करता येतं. बाटल्या मी विकतो, तरी सांगतो. पावडरीच्या डब्यांची आणि दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायला आपल्याकडं १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, डब्यावर लेकराचं चित्रसुद्धा छापता येत नाही. शेळीचं, गायीचं, पाणी घातलेलं म्हशीचं दूध सहा महिन्यांच्या आत नको.

ढेकर, आणि नंतरचा अर्धा तास

ढेकरेचा आपण फार बाऊ करतो. चंदीगडला ७१ मायलेकरांवर केलेला एक अभ्यास २०१५ साली छापून आला. ढेकर काढलेल्या लेकरांचं रडणं काही कमी झालं नाही, उलट दूध टाकणं थोडं जास्तच झालं. म्हणून थापटून थापटून ढेकर काढायची सक्ती नको. लेकरू पिताना थांबलं, अंग आक्रसलं, तोंड वाकडं केलं, तर तेव्हा काढा.

नातीची ढेकर मी अशी काढतो. तिला मांडीवर आडवी बसवतो. एका हाताचा पंजा तिच्या छातीवर, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात हनुवटी अलगद टेकलेली, गळ्यावर दाब अजिबात नाही. तिला कमरेतून किंचित पुढं झुकवतो. पोटाची घडी पडेल इतकं नाही, कारण पोट दाबलं की दूध वर येतं. दुसरा हात कमरेपासून वर मानेकडं सावकाश फिरवत नेतो. थापट्या नाहीत. चार-पाच मिनिटांत आली तर आली, नाही तर खांद्यावर घेऊन अंगणात फिरतो. पाजल्यावर वीस ते तीस मिनिटं असं उभं धरलं तर दूध टाकणं खरंच कमी होतं. लंगोट नाहीतर डायपर पोटावर करकचून बांधू नका, आणि पाजल्या पाजल्या तेल-मालीश, अंघोळ, झोका, काही नको. आमच्याकडं न्हाऊ घालणाऱ्या मावशी यायच्या आत तासभर पाजणं उरकलेलं असतं.

झोपवायचं उताणंच

दूध टाकणारं लेकरू पालथं किंवा कुशीवर झोपवावं असं म्हणतात. नका झोपवू. उताणं असताना श्वासनळी वर आणि अन्ननलिका खाली असते, त्यामुळं वर आलेलं दूध श्वासनळीत जायची शक्यता कमीच होते. पालथं झोपवल्यानं झोपेत लेकरू दगावण्याचा धोका वाढतो. अंथरूण सपाट आणि घट्ट हवं. डोक्याखाली उशी, राईची उशी, उंचवटा, काही नको, त्यानं दूध यायचं थांबत नाही. लुगड्याच्या झोळीत लेकरू कमानीत वाकतं, हनुवटी छातीला टेकते, पोट दबतं आणि श्वासही अडू शकतो. जागं असताना, कुणीतरी समोर बसलेलं असताना थोडा वेळ ठीक. रात्रीच्या झोपेला झोळी नको.

संध्याकाळचं रडं

दूध टाकणं आणि रडणं या दोन वेगळ्या गोष्टी एकाच वयात येतात, म्हणून लोक एकीला दुसरीचं कारण समजतात. निरोगी लेकराचं रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढतं, सहाव्या आठवड्याच्या सुमाराला सगळ्यात जास्त असतं, दिवसाला दोन-तीन तास सुद्धा, आणि तीन-चार महिन्यांत उतरतं. वेळही बहुधा ठरलेली, दिवस मावळायची. दूध टाकून खुदकन हसणाऱ्या लेकराला त्या टाकण्याचा त्रास नसतो.

रडणं थांबत नसेल तर सगळ्यात आधी लेकराचे सगळे कपडे काढा आणि उजेडात डोक्यापासून पायापर्यंत बघा. हे फार थोडे लोक करतात. कमरेचा करदोडा बारशाला बांधलेला असतो आणि लेकरू महिन्यात भरलेलं असतं, दोरा मांसात रुतलेला सापडतो. हाताच्या काळ्या दोऱ्याचं तेच. पायाची बोटं एकेक वेगळी करून बघा. बाळंतिणीचे केस फार गळतात, एखादा केस किंवा मोज्याचा धागा बोटाला गुंडाळला जातो आणि बोट लाल-निळं पडतं. सहज निघाला तर काढा, रुतला असेल तर दवाखान्यात जा. जांघेत फुगवटा आहे का? दाबून आत जात नसेल आणि लेकरू रडत असेल तर लगेच दाखवा. बगलेत, मानेच्या घडीत पुरळ, लंगोटाची जागा सोललेली, तोंडात पांढरे न पुसले जाणारे चट्टे, हेही बघून घ्या. सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याची लस झाली असेल तर मांडी सुजून एक-दोन दिवस किरकिर होतेच.

काही सापडलं नाही तर लेकराला उघडं करून आईच्या उघड्या छातीवर ठेवा, वरून एक लुगडं. दिवा मंद करा, टीव्ही बंद. आवाज हवा तर एकसुरी हवा, अंगाई नाहीतर नुसतं हं-हं. हातावर पालथं घेऊन फिरा, जागेपणी हे चालतं. पोटावर बेंबीभोवती घड्याळाच्या दिशेनं कोमट तेलाचा हात फिरवा, पाय गुडघ्यात दुमडून पोटाशी आणा, सोडा. आमच्या आईला मी हेच काम दिलंय. तिला घुटी उगाळायची होती. आता दुपारी नात तिच्यासमोर असते, तेल तिचं, हात तिचे, आणि त्या हातांना जे जमतं ते मला जमत नाही.

पाहुण्यांच्या दिवशी रडं वाढतं. बारशाला लेकरू पन्नास हातांतून फिरतं, बायका गाल ओढतात, मोबाईलचा उजेड डोळ्यांवर, बाहेर डीजे. संध्याकाळी ते किंचाळायला लागलं की "दृष्ट लागली" म्हणतात. दृष्ट खुशाल काढा, पण मीठ-मिरच्या चुलीत टाकाल तर लेकरू शेजारच्या घरी पाठवा. ओवा-लसणाच्या सालीची धुरीही नको. धुरानं छाती भरते आणि रडायला आणखी कारण मिळतं.

शी करताना लाल होऊन कुंथणारं, रडणारं आणि मग मऊ शी करणारं लेकरू बद्धकोष्ठाचं नसतं. जोर लावताना खालचं सैल सोडायचं त्याला अजून जमत नाही, इतकंच. विड्याच्या पानाचा देठ, साबणाची वात घालायची नाही. अंगावर पिणाऱ्या लेकराला दीड महिन्यानंतर तीन-चार दिवस शी झाली नाही, पण ते पितंय, पोट मऊ आहे, तर चालतं.

रडणं ऐकून आईचं डोकं फिरायला लागतं, हे खरं आहे आणि त्यात लाज नाही. तेव्हा लेकराला सपाट अंथरुणावर उताणं ठेवायचं आणि पाच-दहा मिनिटं बाहेर जायचं. कितीही राग आला तरी लेकराला गदागदा हलवायचं नाही, त्यानं मेंदूत रक्तस्राव होतो. आई सतत रडत असेल, लेकराकडं बघावंसं वाटत नाही म्हणत असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावा, मराठीत बोलतात.

माझ्या कपाटातलं

ग्राइप वॉटर १८५१ साली इंग्लंडातल्या विल्यम वुडवर्ड या माणसानं काढलं. मूळ नुस्ख्यात शेपेचं तेल, सोडा, साखर आणि दारू होती. लेकरू गप्प का व्हायचं ते कळलंच असेल. आताच्या बाटल्यांत दारू नसते, पण दूध टाकणं थांबवेल असं काहीही नसतं. सहा महिन्यांच्या आतल्या लेकराला त्याची गरज नाही.

गॅसचे थेंब रोज खपतात. रडणाऱ्या लेकरांवर तपासून पाहिलं तेव्हा बिनऔषधी थेंबांपेक्षा ते सरस ठरले नाहीत. त्यांच्यापासून अपाय फारसा नाही, पैसे मात्र जातात.

डायसायक्लोमिन हे पोटात कळ आली की मोठ्यांना देतात ते औषध. सहा महिन्यांच्या आत ते द्यायचंच नसतं, श्वास थांबल्याच्या घटना आहेत. थोरल्या भावाची उरलेली "पोटदुखीची बाटली" घरात असते, तिच्यावरचं नाव वाचा. आम्ल कमी करणाऱ्या औषधांनी रडणं कमी होत नाही, उलट छातीच्या आणि आतड्याच्या संसर्गाचा धोका वाढतो. ती आणि ओकारीवरचं डॉमपेरिडॉन डॉक्टरनं लेकरू तपासून चिठ्ठीवर लिहिली तरच. चिठ्ठी नसेल तर मी देत नाही, त्यावरून गिऱ्हाईक चिडून दुसऱ्या दुकानात गेलं तरी चालेल.

तापाचं पॅरासिटॅमॉल लहान बाटलीतल्या थेंबांत असतं तेव्हा बहुधा १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, सिरपमध्ये १ मिलीत २५. चौपट फरक. थेंबांचं औषध सिरपच्या चमच्यानं दिलं की काय होईल त्याचा विचार करा. ज्या बाटलीचं ड्रॉपर त्याच बाटलीला.

घुटीत वेखंड, जायफळ, मुरडशेंग, हिरडा, असं बरंच असतं. वेखंड जरा जास्त उगाळलं गेलं तर ओकारीच होते, जायफळानं गुंगी येते, आणि सहाण किती स्वच्छ असते ते सगळ्यांना माहीत आहे. मध वर्षाच्या आत बोटभरही नको, त्यातल्या जंतूंनी लेकराच्या अंगातली ताकद जाऊन श्वास बंद पडू शकतो. बिब्ब्याचे चटके म्हणजे सरळ भाजणं आहे. गप्प झोपावं म्हणून अफूची गोळी देणारी पिढी सरत आलीय, तरी कुणी सुचवलंच तर त्या माणसाला लेकराजवळ येऊ देऊ नका.

आईच्या ताटात

डाळ नको, वांगं नको, हरभरा नको, सीताफळ तर नकोच, थंड पडतं म्हणे. बालाघाटाच्या डोंगरात राहून बाळंतिणीनं सीताफळाच्या दिवसांत तोंड बांधून बसायचं! आईनं खाल्लेल्या डाळीचा वायू दुधात उतरत नाही. बाजरीची भाकरी, वरण, शेपू, डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, रोजची भाजी, सगळं चालतं. चहा दोन-तीन कपांवर नको. लेकराच्या शीमध्ये रक्त, अंगावर खरखरीत चट्टे आणि ओकारी असं एकत्र असेल तर गायी-म्हशीच्या दुधातली प्रथिनं सोसत नसतील. तेव्हा डॉक्टरच्या सल्ल्यानं आईनं दूध, दही, पनीर दोन ते चार आठवडे बंद करून बघायचं.

मिश्रीबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. भाजलेला तंबाखू हिरड्यांना चोळला की त्यातलं निकोटिन रक्तात आणि तिथून दुधात जातं. लेकरू झोपत नाही, किरकिरतं. घरात बिडी-सिगारेट ओढली जात असेल तर तीही बाहेर.

एप्रिल-मे

पत्र्याच्या घरात दुपारी लेकरू रडतंय आणि अंगावर कुंची, स्वेटर, दोन दुपटी. आधी ते काढा. एक झबलं पुरतं. अंग तापलं असेल तर सावलीत, उघडं ठेवून पंधरा मिनिटांनी थर्मामीटर लावा, तेव्हाही ताप दिसला तर तो ताप. बेचाळीस डिग्रीतही सहा महिन्यांच्या आत पाणी पाजायचं नाही, आईच्या दुधातलं पाणी पुरतं. जास्त वेळा पाजा आणि आईनं भरपूर पाणी प्यावं.

ऊसतोडीला जाताना

दसरा-दिवाळीला गाड्या निघायच्या आधी बायका दुकानात येतात, "लेकरासाठी काय काय बांधून द्या" म्हणतात. दोन-तीन महिन्यांचं लेकरू कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर जाणार, आई पहाटे फडात. तिथं दूध टाकणं वाढतं, कारण आई चार-पाच तासांनी येते, दूध दाटलेलं असतं आणि लेकरू भुकेनं वखवखलेलं. निघताना पाजून, उरलेलं दूध हातानं स्टीलच्या उकळलेल्या डब्यात काढून ठेवा. सावलीत, ओल्या फडक्यात चार तासांच्या आत वापरायचं, तेही बोंडल्यानं. परत आल्यावर आधी थोडं पिळून मग लावायचं. लेकरू सोबत फडात नेत असाल तर ऊन सरकतं तशी जागा बदला, आणि ट्रॅक्टर, टायरगाडी वळते तिथं चुकूनही झोपवू नका.

पिशवीत मी थर्मामीटर, मऊ सुती फडकी, मीठ-साखरेच्या नव्हे, ओआरएसच्याच पुड्या, आणि एक लहान कात्री घालून देतो, करदोडा सैल करायला. ओआरएस जुलाबासाठी, दूध टाकण्यासाठी नाही, हे पुडीवरच पेनानं लिहितो. लसीकरणाचं कार्ड प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्याच पिशवीत. कारखान्याच्या गावातल्या आशाताईला ते दाखवलं की लस आणि वजन तिथंही होतं. कार्डाच्या मागं १०८ आणि जवळच्या सरकारी दवाखान्याचा नंबर मुकादमाकडून विचारून गाडीत बसायच्या आधीच लिहून घ्या. रात्री कोपीवर रेंज नसली तर कुठल्या टेकाडावर फोन लागतो, तेही पहिल्याच दिवशी बघून ठेवा.